स्मरणशिला आणि कबरीची माती

नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवलेला महिना. २ नोव्हेंबरला सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन येतो, धर्मग्रामातील कुटुंबे आपापल्या मृतांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून वेदीजवळ आणून ठेवतात आणि त्या नावांसाठी मिस्साबलिदान अर्पण केले जाते. पाठोपाठ डिसेंबर उजाडतो. ३ डिसेंबर १९७१ रोजी भडकलेले युद्ध १६ डिसेंबरला संपले. त्यामुळे त्या पंधरवड्याच्या निमित्ताने आपल्या ख्रिस्ती नियतकालिकांतून धारातीर्थी पडलेल्या सैनिकांवरचे लेख वाचावयास मिळतात. या प्रकारच्या लेखनाचा आम्ही येथे विचार करणार आहोत. ज्या भावनेतून ते होते तिच्याविषयी आम्हांस आदर आहे. आमचा प्रश्न त्याच्या रीतीविषयी आहे. ज्याच्यावर लिहावयाचे तो सैनिक आदिवासी असेल, तर या रीतीने त्याचा गौरव होतो की तो दुसऱ्यांदा मातीआड जातो?

औंढ्यासारख्या गावाच्या परिसरात हा प्रश्न अधिकच टोचतो. लोणावळ्याजवळचे हे गाव लोहगड-विसापूरच्या सावलीतले. एका अंगाला किल्ले, दुसऱ्या अंगाला लोणावळ्याची 'आयएनएस शिवाजी' ही १९४५ सालापासूनची नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था, आणि मावळच्या डोंगरउतारांवर कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या वाड्या. जुन्या शौर्याची स्मारके, आजचे सैन्य आणि येथले मूळ रहिवासी अशी तिन्ही एकाच मुलखात नांदतात. पण एकाच लेखात ती क्वचितच येतात. मावळाविषयी आम्हांस जे म्हणावयाचे आहे ते पुढे येईलच. तूर्त, ज्या एका नावाभोवती आपले हे लेखन बहुधा फिरते त्या नावापासून आरंभ करू.

ते नाव लान्स नायक आल्बर्ट एक्का. २७ डिसेंबर १९४२ रोजी, तेव्हाच्या बिहारमधील आणि आता झारखंडात असलेल्या गुमला जिल्ह्यातील जारी या गावी, एका उरांव आदिवासी ख्रिस्ती कुटुंबात त्याचा जन्म झाला. विसाव्या वाढदिवशी तो बिहार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि १९६८ साली गार्ड्स दलाची चौदावी पलटण उभी राहिली तेव्हा तीत गेला. ३ डिसेंबर १९७१ च्या रात्री आगरतळ्याच्या पश्चिमेस गंगासागर येथील शत्रूच्या ठाण्यावर चढाई झाली, तीत तो पडला. त्या युद्धात चार जणांना परमवीर चक्र मिळाले. त्यांपैकी पूर्व आघाडीवरचा तो एकटा. (उरलेल्या तिघांतील अरुण खेत्रपाल यांचा जन्म आपल्या पुण्याचा, हे वाचकांस ठाऊक असेल.)

'एक्का' हा शब्द ऐकून मराठी वाचकास प्रथम पत्त्यांतला हुकमाचा एक्का आठवतो आणि सैनिकाला तो शोभूनही दिसतो. परंतु उरांवांच्या कुडुख भाषेत एक्का म्हणजे कासव. ते त्यांच्या एका गोत्राचे नाव आहे. त्या गोत्राची माणसे कासवाला आप्त मानतात. मिंज, टोप्पो, लकडा, कुजूर ही आडनावेही अशाच रीतीने मासा, पक्षी, वन्य पशू, वेल यांच्याशी नाते सांगणारी आहेत. बाप्तिस्म्याने 'आल्बर्ट' हे संताचे नाव दिले आणि पूर्वजांचे कासव तसेच राहू दिले. एका कुळाने नवी श्रद्धा कशी स्वीकारली, याचा सगळा इतिहास या दोन शब्दांच्या जोडीत आहे. ज्याला सैनिकाविषयी श्रद्धेच्या अंगाने लिहावयाचे आहे त्याला यापेक्षा अधिक समृद्ध प्रारंभ कोठे मिळणार? तरीही आमच्या वाचनात आलेल्या लेखांत या नावाकडे वळून पाहणारा एकही आम्हांस आढळलेला नाही.

त्याऐवजी आढळते ते असे. लेखाच्या पहिल्या परिच्छेदात घनदाट अरण्य, धनुष्यबाण आणि शिकार. दुसऱ्यात मिशन, शाळा आणि ख्रिस्ती संस्कार. तिसऱ्यात एकदम रणांगण. अरण्याने धाडस दिले, मिशनने शिस्त दिली, सैन्याने बंदूक दिली असा हा सरळ हिशेब असतो. त्यात त्या माणसाने स्वतः काय दिले हे उरतच नाही. शिवाय छोटा नागपूरच्या ख्रिस्तसभेचा इतिहास या हिशेबात बसणारा नाही. १८८५ साली तेथे आलेले बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरू कॉन्स्टंट लिव्हन्स हे आदिवासींना प्रथम भेटले ते कोर्टकचेरीच्या वाटेवर. जमीनदारांनी बळकावलेल्या जमिनी, वेठबिगार, न समजणाऱ्या भाषेतले खटले यांत ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि हजारो कुटुंबे ख्रिस्तसभेत आली. पुढे धर्मगुरू योहान हॉफमन यांनी १९०८ च्या छोटा नागपूर कूळकायद्याच्या घडणीस हातभार लावला आणि मुंडारी भाषेचा प्रचंड ज्ञानकोश रचला. म्हणजे त्या मुलखात श्रद्धा आणि शेतजमीन एकाच दाराने घरात आली. हे ठाऊक नसेल तर, सरकारी पेटीतून आलेली मूठभर माती एका वृद्ध विधवेने का नाकारावी, हेही कळणार नाही. त्या प्रसंगाकडे आम्ही लवकरच येतो.

आधी गौरवपत्राकडे. परमवीर चक्राबरोबर दिले जाणारे गौरवपत्र हा गद्याचाच एक प्रकार आहे, आणि आल्बर्ट एक्काचे गौरवपत्र त्या प्रकारातील एक चांगला नमुना आहे असे आमचे मत आहे. डाव्या बाजूच्या आघाडीच्या कंपनीबरोबर तो होता. शत्रूची एक हलकी मशीनगन आपल्या माणसांना टिपते आहे हे त्याने पाहिले. जिवाची पर्वा न करता तो त्या बंकरवर धावून गेला, दोघांना संगिनीने मारले आणि ती तोफ बंद पाडली. जबर जखमी होऊनही तो सुमारे मैलभर आतपर्यंत साथीदारांबरोबर लढत गेला. मग एका पक्क्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून मध्यम मशीनगन सुरू झाली. तो सरपटत तेथवर पोहोचला, हातबॉम्ब फेकला, तरीही ती थांबली नाही तेव्हा भिंत चढून आत शिरला आणि तीही शांत केली. त्यानंतर त्याला मृत्यू आला. या निवेदनात क्रियापदे आहेत, अंतरे आहेत, मजले आहेत. मोठी विशेषणे शेवटापर्यंत दाराबाहेर थांबवून ठेवलेली आहेत. आपल्या भाविक लेखकांनी हा संयम अवश्य शिकावा.

मात्र या गद्याची मर्यादाही तेथेच आहे. गौरवपत्राला फक्त एक रात्र हवी असते. अठ्ठावीस वर्षांचे आयुष्य, घरातली कुडुख बोली, मागे राहिलेली बलमदीना हे काहीच त्याच्या कक्षेत येत नाही. त्याला दोष देण्याचे कारण नाही. ते सैन्याचे दफ्तर आहे. आमचा आक्षेप आहे तो, जे दफ्तर नाही अशा लेखनानेही तीच एक रात्र उचलावी, तिच्याभोवती विशेषणांची आरास करावी आणि तिला श्रद्धांजली म्हणावे, याला.

या आरासीतील एक शब्द विशेष गंभीरपणे पाहण्याजोगा आहे. 'हुतात्मा' हा शब्द मराठीत सरसकट वापरला जातो, त्याला आमची हरकत नाही. पण काही लेखकांचे तेवढ्याने समाधान होत नाही. ते सैनिकाला 'रक्तसाक्षी' म्हणून टाकतात. ख्रिस्तसभेच्या परिभाषेत रक्तसाक्षी म्हणजे श्रद्धेसाठी ज्याने स्वतःचे रक्त सांडू दिले, दुसऱ्याचे सांडले नाही तो. आल्बर्ट एक्काने त्या रात्री माणसे मारली. गौरवपत्र हे लपवत नाही. आमचे भाविक लेख मात्र संगिनीच्या जागी 'शत्रूचा बीमोड' असे काहीतरी गुळगुळीत घालून पुढे सरकतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानात सैनिकाचे स्थान सांगितले आहे: देशसेवेसाठी सैन्यात असलेल्यांनी स्वतःस लोकांच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक समजावे, आणि ती सेवा ते नीट बजावतील तर शांततेच्या रक्षणास त्यांचा खराखुरा हातभार लागतो. त्याच प्रकरणात युद्धाच्या क्रौर्याविषयीही कठोर शब्द आहेत. या दोन्ही गोष्टी एकत्र धरूनच ख्रिस्ती माणसाने सैनिकाविषयी बोलावयाचे असते. पहिली तेवढी उचलली तर ते लेखन युद्धाच्या आरतीत जमा होते, आणि दुसरी तेवढीच उचलली तर जारीच्या त्या माणसापुढे आपण कृतघ्न ठरतो. त्या इमारतीत, त्या बंकरात जे मेले त्यांनाही आया होत्या. नोव्हेंबरच्या मिस्सात आपण सर्व मृतांसाठी प्रार्थना करतो, त्यांत तेही आले. हे वाक्य लिहिल्याने आल्बर्टच्या शौर्यास उणेपणा येतो असे ज्यांना वाटते त्यांनी त्याच्या शौर्याचे वजन फारच कमी धरले आहे.

आता मातीविषयी. परमवीर चक्राची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटली. जन्माने युरोपीय, विवाहाने मराठी घरच्या आणि अभ्यासाने भारतीय पुराणांच्या जाणकार अशा या बाईंनी पदकावर चार वज्रे घातली. दधीची ऋषींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींचे इंद्राने वज्र केले, ही कथा त्यामागे आहे. देह देणाऱ्याचे प्रतीक म्हणून त्याहून समर्पक आकृती सुचणे कठीण. परंतु दधीचीच्या कथेत अस्थी कोठे गेल्या हे सर्वांना ठाऊक असते. आल्बर्ट एक्काच्या अस्थी कोठे आहेत हे त्याच्या घरच्यांना चाळीस वर्षांहून अधिक काळ पाहावयास मिळाले नव्हते. युद्धाच्या धामधुमीत त्याला इतर जवानांबरोबर आगरतळ्याजवळ डुकली भागात पुरण्यात आले होते. इकडे रांचीच्या प्रमुख चौकाला त्याचे नाव मिळाले, २००० साली टपाल तिकिटावर त्याचे चित्र आले, गुमला जिल्ह्यातील एक प्रशासकीय तालुकाही त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. २०१५ च्या डिसेंबरात राज्य सरकारने त्याच्या समाधीची म्हणून माती कलशातून जारीला आणली. बलमदीनाबाईंनी ती घेतली नाही. ही माती त्याच जागेची, याची खात्री काय, असा कुटुंबाचा आणि गावकऱ्यांचा प्रश्न होता. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१६ मध्ये, नातलगांसह एक शिष्टमंडळ त्रिपुरात गेले, जागा डोळ्यांनी पाहिली आणि मग तेथील माती गावी आली. २०२१ साली बलमदीनाबाई निवर्तल्या. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील एकवीस बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, तेव्हा एक बेट 'एक्का द्वीप' झाले.

या सर्व घटनांत आम्हांस सर्वांत मोठा वाटतो तो कलश परत करण्याचा प्रसंग. मुख्यमंत्री, सोहळा, जमलेला समाज यांच्या समोर एक वृद्ध आदिवासी स्त्री म्हणते की मला सन्मान नको, पत्ता हवा. हे वागणे ज्याला हट्ट वाटेल त्याने पवित्र शास्त्रातील अब्राहामाची आठवण करावी. सारेच्या दफनासाठी हेथींच्या लोकांनी कबरीची जागा फुकट देऊ केली असता त्याने ती साक्षीदारांसमक्ष पुरी किंमत मोजून घेतली. आपल्या मृताची माती संशयाच्या पलीकडे असली पाहिजे, ही जाण फार जुनी आहे. छोटा नागपुरात ती अधिकच जागी आहे. तेथील मुंडा समाज आपल्या पूर्वजांच्या अस्थींवर कुळाच्या शिळा मांडत आला आहे. आल्बर्ट एक्कावरच्या लेखनात हा प्रसंग एखाद्या ओळीत, तोही थोडा अवघडल्यासारखा उरकला जातो. आमच्या मते खरा लेख तेथून सुरू व्हावयास हवा.

शिळांचा विषय निघाला म्हणून पुण्याजवळच्या खडकीकडे पाहू. तेथील युद्धस्मशानभूमी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. अशा मोठ्या युद्धस्मशानभूमींत जी स्मरणशिला उभारतात ती एडविन लट्येन्स यांच्या आराखड्याची, आणि तिच्यावर मृतांचे नाव सर्वकाळ राहील अशा अर्थाचे जे वचन कोरतात ते मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांनी निवडलेले. किपलिंग यांचा एकुलता एक मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत नाहीसा झाला आणि बापाला हयातीत त्याची कबर सापडली नाही. हे वचन बेन सिराखच्या ग्रंथाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातले. आपण हा ग्रंथ पवित्र शास्त्राचा भाग मानतो. आपले प्रॉटेस्टंट बंधू त्याला प्रमाण संहितेत धरीत नाहीत. तेव्हा निदान कॅथलिक वाचकाने तरी तो अध्याय पूर्ण वाचावा. शिळेवरचे वचन चौदावे. त्याच्या पाच ओव्या आधी, नवव्या वचनात, ज्यांची काहीच आठवण उरली नाही, जणू ते जन्मलेच नव्हते अशा माणसांचा उल्लेख आहे. शिळेवर चौदावे वचन आले आणि नववे दगडाबाहेर राहिले.

ते बाहेर राहिलेले लोक कोण, याचे उत्तर अलीकडे त्या शिळा उभारणाऱ्या संस्थेनेच दिले आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धात मेलेल्या, मुख्यतः आफ्रिकी, भारतीय आणि इजिप्शियन अशा ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. आणखी किमान १,१६,००० जणांचे, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांचे, नावानिशी स्मरण झाले नाही किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात मान्य केले आहे. आल्बर्टच्या मुलखातील माणसेही त्या युद्धात होती. १९१७ साली रांची भागातून उरांव, मुंडा, खडिया मजुरांच्या तुकड्या फ्रान्सला गेल्या आणि त्यांच्याबरोबर ख्रिस्ती मिशनरीही गेले. बंदूक न धरलेल्या या मजूर पलटणींची गणना सैनिकांत करावी की नाही असा वाद कोणी घालील. फ्रान्सच्या न्यव्ह शापेल येथील स्मारकाने तो घातलेला नाही. तेथे ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांबरोबर मजुरांचेही स्मरण केले आहे. आपल्या खडकीच्या स्मारकावरही, पहिल्या महायुद्धातील १,८०० हून अधिक नावांबरोबर, दुसऱ्या महायुद्धात भारतात मरण पावलेल्या पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतील १९३ सैनिकांचे स्मरण आहे. घरापासून इतक्या दूर मेलेल्या या माणसांसाठी पुण्याच्या कोणा धर्मग्रामाने नोव्हेंबरात एक मिस्सा अर्पण केली, तर ती अगदी योग्य ठिकाणी पोहोचेल.

आणि आता मावळ. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत लोहगड आहे. औंढ्याच्या परिसरात त्याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. गडाची तटबंदी, दरवाजे, विंचूकाटा यांचे वर्णन आता जगभर वाचले जाईल. पण गड म्हणजे नुसता तट नव्हे; त्याभोवतीचा घेरा, तेथील मेटी, जंगलवाटांवरचे पहारे हाही गडच. त्या पहाऱ्यांत डोंगरी जमाती होत्या. पुढे इंग्रजांनी खानदेशात १८२५ साली भिल्लांची पलटण उभारली, १८५७ साली महादेव कोळ्यांचीही उभारली आणि १८६१ साली ती मोडूनही टाकली. इतिहासाच्या पुस्तकांत या पलटणींबरोबर औट्रम आणि नटॉल या साहेबांची नावे ठळक येतात. शिपाई नुसते 'भिल्ल' आणि 'कोळी' राहतात.

मराठी मुलखाने आपल्या वीरांसाठी स्वतःची अशी एक शिळा घडवली होती: वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई आणि मृत्यू, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेत आहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खालून वर वाचावयाचा हा दगडी लेख आहे. मृत्यूनंतर वीर देवापुढे हात जोडून उभा राहतो, ही त्यातील कल्पना ख्रिस्ती मनाला परकी वाटू नये. पण बहुतेक वीरगळांवर नाव नाही. ज्यांनी दगड उभा केला त्यांना ते ठाऊक होते. नातवंडांपर्यंत ते मुखोमुखी गेले असेल. मग दगडाला शेंदूर लागला आणि माणूस गेला. याउलट कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरली आहेत, आणि त्यांतील 'नाक' प्रत्ययाच्या बावीस नावांनी पुढे एका अख्ख्या समाजाला मान वर करावयास लावली. स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला होता, तरीही. कोरलेल्या नावात एवढे बळ असते.

नावाबरोबर घरही हवे, हे आपल्या शाहिरांना पक्के कळले होते. सिंहगडाच्या पोवाड्यात शाहीर तुलसीदास आपल्याला आधी तानाजीच्या घरी नेतो. रायबाचे लग्न निघाले आहे. त्या लग्नघरातून माणूस उठून गडावर जातो, म्हणून तो पडतो तेव्हा ऐकणाऱ्याला मांडव ओस पडलेला दिसतो. लढाईचे वर्णन करणारे शाहीर पुष्कळ झाले असतील. लग्नाचा मांडव ज्याने दाखवला तो लोकांच्या ओठांवर राहिला. आल्बर्ट एक्कावर मराठीत लिहू पाहणाऱ्या ख्रिस्ती लेखकाने गौरवपत्राकडून क्रियापदे घ्यावीत आणि शाहिराकडून मांडव घ्यावा. जारीचे घर, कासवाचे गोत्र, नाकारलेला कलश, आगरतळ्याची वाट हे साहित्य हाताशी आहे.

येत्या नोव्हेंबरात लोणावळा-मावळच्या धर्मग्रामांतून वेदीजवळ चिठ्ठ्या ठेवल्या जातील. आपल्या कुटुंबात, शेजारच्या वाडीत, शाळेतल्या मुलांच्या आजोबा-पणजोबांत सैन्यात, नौदलात, मजूर पलटणीत गेलेला कोणी असेल, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, तर त्याचे नाव त्या चिठ्ठीत घालावे अशी आमची वाचकांस विनंती आहे. सोबत चार गोष्टी जरूर लिहाव्यात: घरात त्याला काय म्हणत, तो कोणती बोली बोले, त्याला कोठे पुरले वा दहन केले, आणि त्याच्या मृत्यूची खबर घरी कोणी आणली. चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा घरातील सर्वांत वयस्क बाईला ठाऊक असते. तिला आधी विचारावे.